खापरावरचा इंजेरा

आमच्या गावात घरटी एक फौजी आहे. यमाईच्या औंधपासून तीन मैलांवरचं गाव. पाऊस बेताचा, जमीन बेताची, त्यामुळं पोरांना मिसरूड फुटलं की ती भरतीला पळतात. संध्याकाळी पाराच्या कट्ट्यावर रिटायर मंडळी जमली की कुणी बर्फातल्या चौकीचं सांगतं, कुणी जंगलातल्या गस्तीचं. मीही त्याच कट्ट्यावरचा. बावीस वर्षं फौजेत काढली, पण ती सगळी लंगरात. लंगर म्हणजे जवानांचं स्वयंपाकघर. मी कुक होतो.

माझा थोरला भाऊ सुभेदार म्हणून रिटायर झाला. छातीवर पदकांची ओळ. कट्ट्यावर कुणी नवखा आला की दादा माझी ओळख करून द्यायचा, ती ठरलेली.

"ह्यो आमचा धाकटा. दुश्मनाला ह्याचं भ्या कवा वाटलं न्हाई, पर ह्याच्या डाळीला सगळी पलटण भ्यायची."

सगळे हसायचे, मीही हसायचो. दादाच्या मनात खोट नव्हती, हे मला ठाऊक होतं. पण घरी येताना वाटायचं, पहाटे स्टोव्ह गारठून पेटत नाही, पाण्याचा बर्फ झालेला असतो, तरी दीडशे माणसांच्या ताटात वेळेवर गरम अन्न पडतं, यात काहीच नाही का? हे बोलून दाखवायला मात्र मला कधी जमलं नाही.

फौजेनं मला दोनदा परदेशी नेलं, दोन्ही वेळा शांतिसेनेबरोबर. आधी इथिओपिया आणि एरिट्रियाच्या सरहद्दीवर, पुढं बऱ्याच वर्षांनी लेबनॉनला. परत येताना बाकीच्यांच्या पेट्यांत कॅमेरे, घड्याळं, घोंगड्यांएवढे टॉवेल. माझ्या पेटीत एक वही होती. तिथल्या बायाबापड्या काय रांधतात, कसं रांधतात, हे मी हिंदी-मराठीची खिचडी करून त्या वहीत लिहून आणलं होतं.

रिटायर झाल्यावर मी घरात जाहीर केलं की रविवारचा स्वयंपाक माझा. बायकोला आधी बरं वाटलं. मग पहिल्या रविवारी मी अख्खा मसूर आणि तांदूळ एकत्र शिजवून त्यावर काळपट होईपर्यंत तळलेला कांदा पसरला. लेबनॉनमध्ये त्याला मुजद्दरा म्हणतात. तिनं ताटाकडं बघितलं आणि म्हणाली, "आवं, ही तर खिचडीच की. कांदा तेवढा करपलाय."

पण दुसऱ्यांदा वाढून घेतली. पुढच्या रविवारी हरभरे शिजवून, तीळ वाटून, लिंबू पिळून हुम्मुस केलं, तर ती म्हणाली, "ह्येला वरनं फोडणी का न्हाई?" आणि उठून लसणाची फोडणी दिली. खरं सांगायचं तर चव सुधारली. मी वहीत तशी नोंद केली.

असं आमचं निवांत चाललं होतं. मग एका दुपारी लेकीचा फोन आला. ती सांगलीला फार्मसी शिकते, हॉस्टेलवर राहते. मी त्या वेळी ज्वारीच्या कणसांवरची पाखरं हाकलत होतो.

"पप्पा, माझी रूममेट आठ दिवस झाले नीट जेवत नाहीये. मेसमधली चपाती बघितली तरी तिला रडू येतं. तिला या शनिवार-रविवारी घरी घेऊन येऊ?"

"कुठली गं ती?"

"इथिओपियाची. इथं एम. फार्म. करायला आलीय."

मी गोफण खाली ठेवली. "तिला विचार, इंजेरा खाणार का म्हणावं."

लेकीनं तो शब्द तिकडं कसाबसा उच्चारला. मग एकदम ओरडणं, हसणं आणि दोघींची झटापट. "पप्पा, ती विचारतेय, हा शब्द तुम्हाला कुणी सांगितला?"

कुणी सांगितला? सरहद्दीवरच्या आमच्या छावणीत भाजी निवडायला, भांडी घासायला एक स्थानिक म्हातारी यायची. डोक्याला पांढरं पातळ उपरणं, कपाळावर गोंदण, थेट आमच्या गावातल्या जुन्या बायांसारखं. ती दुपारी झाडाखाली बसून आपला डबा उघडायची. त्यात राखाडी रंगाची, आंबोळीसारखी जाळीदार, पण पाटाएवढी मोठी घडी. एकदा तिनं मला तुकडा दिला. आंबट, मऊ, लुसलुशीत. मी तिला पुऱ्या दिल्या. तेव्हापासून आमची अदलाबदल सुरू झाली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण पीठ कसं मळायचं हे हातानं सांगता येतं. एका सुट्टीच्या दिवशी तिनं मला घरी नेलं आणि इंजेरा कसा करतात ते अथपासून इतिपर्यंत दाखवलं. तो करतात तेफ नावाच्या धान्याचा, खसखशीएवढं बारीक धान्य. पण तेफ महाग. तिच्या घरी तेफ सणाला, आणि एरवी? तिनं मडक्यात हात घातला आणि मूठभर दाणे माझ्यापुढं धरले. ज्वारी. आमच्या रानातली असते तशीच टपोरी ज्वारी. घरापासून इतक्या लांब ती मूठ बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

म्हणजे धान्य तर माझ्याच घरी होतं. करायला काय अवघड, असं मला वाटलं. पोरगी यायला अजून दोन आठवडे होते, कारण मध्ये त्यांची परीक्षा निघाली. मी कामाला लागलो.

ज्वारीचं पीठ भिजवून तीन दिवस आंबवलं. भाकरीच्या तव्यावर घातलं, तर पापडासारखं तडकलं. ते म्हशीला गेलं. मग आठवलं, म्हातारीकडं लोखंडी तवा नव्हता, मातीचं मोठं सपाट खापर होतं. गावातल्या कुंभाराकडं गेलो. त्याला वाटलं, मी चेष्टा करतोय.

"एवढं मोटं खापर? आन कड न्हाई? मांडं करायचं हाय का?"

"मांड्याच्या जातीचंच हाय," मी म्हणालो.

पहिलं खापर भट्टीतच फुटलं. दुसरं चांगलं निघालं. तिकडं खापराला मोहरीसारख्या बियांचं कूट चोळतात, म्हणजे पीठ चिकटत नाही. मी करडई कुटून चोळली. पुन्हा पीठ आंबवलं, पुन्हा घातलं. चिकटलं नाही, पण जाळीही पडली नाही. दिसायला मुकाट, चपटं धिरडं. तेही म्हशीला.

बायको चुलीशी बसून बघत होती. म्हणाली, "आवं, निस्तं कच्चं पीठ कसं फुगंल? आंबील करताना आपण शिजवतो न्हवं? थोडं शिजवून घाला की त्यात."

मी तसाच उठलो आणि वही काढली. पानाच्या कडेला, तेलाच्या डागाखाली, माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'चौथाई पीठ पाण्यात शिजवून पेज करणे, परत मिसळणे, मग फुगू देणे.' सगळ्या पाकक्रियेचा जीव त्या एका ओळीत होता आणि नेमकी तीच मी विसरलो होतो. बायकोनं इथिओपिया नकाशावरसुद्धा बघितलेला नव्हता. तिला मात्र आंबिलीवरून ते कळलं.

तिसऱ्या खेपेला पेज घालून पीठ फुगू दिलं. खापर तापवलं, बाहेरच्या कडेनं सुरुवात करून गोल गोल धार आत नेली आणि झाकण टाकलं. झाकण काढलं तेव्हा वरच्या अंगाला बारीक बारीक हजार छिद्रं पडली होती. इंजेरा उलथत नाहीत. मी तो अलगद सुपावर सरकवला आणि आम्ही दोघं खालून-वरून बघत बसलो. बायको म्हणाली, "आता कशी जाळी पडली." तेवढा एक म्हशीला मिळाला नाही.

शुक्रवारी संध्याकाळच्या एसटीनं पोरी आल्या. पाहुणी उंच, सडपातळ, केसांच्या बारीक वेण्या घातलेली. लेकीनं शिकवलं असणार, आल्या आल्या तिनं बायकोला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काकू, कशा आहात?" बायको इतकी हरखली की तिनं तिथंच पोरीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

मी सकाळपासून खपत होतो. त्यांच्याकडं सणाला, खास पाहुण्याला दोरो वत करतात. कोंबडीचा रस्साच, पण त्यातला कांदा तेलाशिवाय कोरडाच परततात, तासभर, तो चॉकलेटी होऊन विरघळेपर्यंत. त्यांचा बेर्बेरे मसाला आमच्या कांदा-लसूण मसाल्याची चुलतबहीणच. मी घरच्या मसाल्यात मेथी, ओवा, वेलदोडा आणि सुंठ कुटून घातली होती. कोंबडीचे बारा तुकडे करायचे आणि उकडलेली अंडी सोडायची, हा तिथला नेम. तोही पाळला होता. मी झाकण उघडून पातेलं पोरीपुढं धरलं.

तिचे डोळे मोठे झाले. वास घेतला. मग चेहरा पडला. लेकीच्या कानात ती काहीतरी हळू बोलली.

"पप्पा," लेक अवघडून म्हणाली, "आज शुक्रवार आहे. शुक्रवारी तिचा उपास असतो. मटण, अंडी, दूध, तूप काहीच चालत नाही. ती म्हणतेय, तुम्ही एवढं केलंत, तर ती आज उपास मोडेल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला हे माहीत होतं! ती म्हातारी बुधवारी आणि शुक्रवारी माझ्या हातचं काहीही घ्यायची नाही, नुसती हात जोडायची. बारा तुकडे मोजण्याच्या नादात मी वार मोजायला विसरलो.

"न्हाई न्हाई, उपास कशाला मोडतीस बाय," बायको पुढं झाली. "आमच्यात श्रावण पाळत्यात तसंच की हे. आवं, ह्यांच्यात उपासाला काय करत्यात, ते तरी आटवतंय का?"

"शिरो," मी म्हणालो.

"शिरा? त्येला तर तूप लागतंय."

"शिरा नव्हे, शिरो. हरभऱ्याचं पीठ, कांदा, लसूण, तिखट, तेल, पाणी. घट्टसर शिजवायचं."

बायकोनं माझ्याकडं असं बघितलं की मी लष्करात बावीस वर्षं नेमकं काय केलं, अशी शंका मलाच यावी. "म्हंजे पिठलं."

"पिठलंच."

"मग सरका."

तिनं दहा मिनिटांत पिठलं रटरटवलं. मी इंजेरा परातीत अंथरला आणि त्यावर मध्ये पिठलं, शेजारी मसुराची घट्ट आमटी वाढली. चौघं एकाच परातीभोवती बसलो, कारण तिकडं एकाच ताटात जेवतात. पाहुणीनं उजव्या हातानं तुकडा तोडला, पिठल्यात बुडवला आणि तोंडात घातला. चावणं थांबवून ती तशीच बसून राहिली. मला वाटलं, बिघडलं. मग तिनं दुसरा तुकडा तोडला, त्यात पिठलं भरून नीट गुंडाळला आणि बायकोच्या तोंडासमोर धरला.

बायको गांगरली. मी म्हणालो, "घे, घे. त्यांच्यात मानाच्या माणसाला पहिला घास भरवतात."

लग्नात मी भरवलेल्या घासानंतर तिला कुणी घास भरवला नसेल. तिनं तोंड उघडलं आणि पदरानं डोळे पुसत चावत राहिली. त्या रात्री पाहुणीनं चार इंजेरे खाल्ले. लेक म्हणाली, सांगलीत आल्यापासून ती पहिल्यांदाच पोटभर जेवली.

शनिवारी दुपारी दोरो वत गरम केला. मुरल्यामुळं तो आणखी चवदार झाला होता. दादा जेवायच्या वेळेलाच आला. गावात बातमी पोचली होती, तेव्हा येणारच होता. परातीकडं बघून म्हणाला, "हे काय रं? ताटच अंथरलंय व्हय? का हे बी खायाचं?"

"ताट बी खायाचं," मी म्हणालो.

तो खाली बसला. जेवण निम्म्यावर आलं तेव्हा पाहुणीनं फोन काढून आईला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर एक पांढरं उपरणं घेतलेली बाई आली. लेक आनंदात आहे बघून ती आधी भरपूर हसली. मग परातीतला इंजेरा बघून गंभीर झाली आणि काहीतरी विचारू लागली. पाहुणीनं एक नवा इंजेरा उचलून कॅमेऱ्याजवळ धरला.

"ती काय बघतेय?" दादानं विचारलं.

लेकीनं सांगितलं, "त्यांच्यात या छिद्रांना डोळे म्हणतात. जेवढे डोळे जास्त, तेवढा हात चांगला. आई डोळे बघतेय."

मी फौजेत जनरलसाहेबांच्या इन्स्पेक्शनला उभा राहिलोय, पण काळजात अशी धाकधूक झाली नव्हती. त्या बाईनं फोन जवळ घेतला, लांब नेला आणि एक प्रश्न विचारला. पाहुणीनं माझ्याकडं बोट दाखवलं. आईला पटेना. तिनं पुन्हा विचारलं. मग तिकडून अशी काही हसण्याची लाट आली की मागून दोन-तीन शेजारणी धावत आल्या.

पाहुणी हसत इंग्रजीत म्हणाली आणि लेकीनं मराठीत सांगितलं, "आई म्हणते, पुरुषानं केलेला इंजेरा तिनं जन्मात बघितला नाही. म्हणते, ज्वारीचा असून एवढे डोळे? तिच्या सुनेलासुद्धा जमत नाहीत. आणि म्हणते, या माणसाला सांग, माझी मुलगी कुठं राहते याची मला आता काळजी नाही."

मी हात जोडले.

दादा बराच वेळ खाली बघून जेवत होता. रस्सा संपला तेव्हा त्यानं खालचा मुरलेला, लालभडक झालेला इंजेरा गोळा करून तोंडात टाकला. सगळ्यात चवदार भाग तोच असतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. हात धुताना माझ्याजवळ उभा राहून तो म्हणाला, "गड्या, तिकडं सरहद्दीवर एवढं शिकलास, आन आमाला कवा सांगितलं न्हाईस?"

"तुमी कवा विचारलं न्हाई, दादा."

त्यानं मान हलवली. त्यानंतर कट्ट्यावर त्यानं डाळीचा विनोद केला नाही. उलट कुणी काही बोललं की तोच कोंबडीचे बारा तुकडे सांगत बसायचा, आणि तेही चुकीचे. मी दुरुस्त करत नसे.

पाहुणी पुढं दीड वर्ष दर महिन्याला येत राहिली. कधी औंधला यमाईच्या डोंगरावर जाऊन यायची, कधी बायकोबरोबर शेंगा फोडत बसायची. तिचा अभ्यासक्रम संपला तेव्हा हॉस्टेलवर निरोपाचं जेवण ठरलं आणि तिनं अट घातली की स्वयंपाक काका-काकूंनीच करायचा. आम्ही खापर पोत्यात गुंडाळून, आंबलेल्या पिठाचा डबा मांडीवर धरून एसटीनं सांगलीला गेलो. हॉस्टेलमागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडली. अकरा पोरं-पोरी होती. नेपाळची, टांझानियाची, सुदानची, नायजेरियाची, दोन आपल्या जतची.

इंजेरा, दोरो वत आणि बायकोचं पिठलं असं सगळं तयार होत आलं, तेव्हा एक दांडगा नायजेरियन मुलगा पुढं आला. त्यानं संकोचत, मोडक्या हिंदीत विचारलं, आमच्याकडचा जोलोफ भात येतो का?

"नाही," मी म्हणालो. "कधी खाल्लाही नाही. पण तू सांग, मी करतो."

त्याला नीट येत नव्हता, आई करताना बघितला होता तेवढंच. टोमॅटो, ढोबळी मिरची, कांदा एकत्र वाटायचा, एवढं त्याला नक्की आठवत होतं. तेल सुटेपर्यंत शिजवायचं, हे मी वासावरून ओळखलं. मग त्यात तांदूळ. पाणी किती, यावर आमचा वाद झाला. त्याला हाताची बोटं दाखवून आई कशी मोजायची ते आठवलं, आणि तेच बरोबर निघालं. चव घेऊन तो मान हलवायचा, 'अजून नाही', 'जवळ आलं', आणि मी चमचा घेऊन त्याच्यासमोर शिकाऊ पोरासारखा उभा. पन्नाशी ओलांडल्यावर कुणाच्या तरी आईच्या हाताची चव शोधत उभं राहायला मिळणं, मला वाटतं, याहून मोठी नेमणूक मला फौजेनंही दिली नव्हती.

शेवटी बायकोला जळका वास आला. ती धावत आली. "आवं, खाली लागलं! उतरवा, उतरवा!"

त्या पोरानं तिचा हात धरून तिला थांबवलं. खाली लागायलाच पाहिजे म्हणे. लाकडावरचा जोलोफ बुडाला धरला नाही तर तो जोलोफच नव्हे.

तिनं माझ्याकडं बघितलं, मी खांदे उडवले. आम्ही थांबलो. मग पातेलं उतरवलं, वरचा लाल भात वाढला आणि पोरं तो खाऊन पुन्हा पातेल्याभोवती गोळा झाली. बायकोनं पदर खोचला, उलथनं घेतलं आणि बुडाची कुरकुरीत खरवड खरवडून ती एकेकाच्या पानात टाकू लागली. "हळू, हळू," ती ओरडत होती, "सगळ्यास्नी मिळंल."